नमुना सात, खांडीजवळ

बर्फ मी मासळीबाजारातून घेते,
कोळंबीच्या टोपलीतला, तळचा, अर्धा विरघळलेला.
हौशी विचारते, आज काय नेतेस गो, बोंबील की माती?
माती, म्हणते मी. तीही उन्हात नासते.
म्हणजे तिच्यातलं कोणीतरी जागं राहतं, खात राहतं,
आणि प्रयोगशाळेत पोचेस्तोवर हिशेब बदलतो.

पोयनाडच्या एसटीत डबा मांडीवर.
कंडक्टर नाक मुरडतो : मासळीचं वेगळं तिकीट.
झाकण उघडून दाखवते. सात पिशव्या, सात लेबलं.
एकेका चमच्यात तालुक्याच्या खानेसुमारीहून जास्त जीव,
तिकीट एकाचं.

तीन वर्षांपूर्वी, भादव्याच्या उधाणात,
बांधाला खांड गेली. बारा हात.
धाकलू ठाकूर रात्री दोनला उघाडीच्या फळ्या ठोकत होता
आणि खाडी त्याच्या पाठीमागून शेतात शिरली.
भात पोटरीला आलं होतं.

वर झालं त्याचा पंचनामा झाला.
तलाठी आला, फोटो निघाले, कागद वर गेले.
खाली झालं त्याला साक्षीदार नव्हता :
अमोनियाचं नायट्रेट करून
मुळांच्या तोंडाशी ठेवणारी मंडळी
मिठात आखडून गेली.
दुसरी, कोंडलेल्या पाण्यातली,
जी हवा संपली की नायट्रेटच श्वासात ओढतात,
त्यांनी उरलंसुरलं आभाळाला परत केलं.
पुढच्या वर्षी धाकलूने युरिया टाकला.
डोळ्यांना झोंबला, आणि उडाला.
जमीन आयकत नाय, म्हणाला तो,
जसं कोणी मोठ्या मुलाबद्दल सांगावं.

तेव्हापासून मी येते. पौषात एकदा, वैशाखात एकदा.
वैशाखात मीठ खालून वर चढतं,
ढेकळांवर पापडासारखं फुटतं,
पायाखाली आवाज करतं.
तो चिमूटभर माती जिभेवर ठेवतो,
मी मीटर बुडवते.
धा, म्हणतो तो, थुंकून.
मीटर म्हणतं, नऊ पूर्णांक आठ.
तुजा मशीन शिकतोय, म्हणतो.

उंचवट्यावरच्या पहिल्या वाफ्यात यंदा वाल आलाय.
एक झाड उपटलं. मुळावरची गाठ नखाने फोडली,
आत गुलाबी, बाळाच्या हिरडीसारखी.
तिथलं काम सुरू झालंय. अहवालात एक ओळ.

पण सातव्या पिशवीचं कोडं सुटेना.
खांडीजवळचा तो काळा चिखल,
कुजक्या अंड्याच्या वासाचा, निवट्यांच्या बिळांचा,
जिथे कोणी न लावता तिवरं उगवली आहेत,
तिथला आकडा सगळ्यांत वर.
पुन्हा तपासा, साहेबांनी लाल खूण केली.
पुन्हा तपासलं.
तिवरांच्या मुळांभोवती कोणी नवे बसलेत,
मिठाला सरावलेले, हवेतला नायट्रोजन बांधणारे,
ना आमंत्रण ना पगार.
ओसाड, असं मीच लिहिलं होतं पहिल्या वर्षी. माझ्याच अक्षरात.

धाकलूला सांगितलं.
तो बांधावर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
कसेल त्याची जमीन ना?
मंग सातबारा त्यांच्याच नावावर करा, म्हणाला
आणि हसला. आणि हसू अर्ध्यात थांबलं.
फाल्गुनात खांड बुजवायची आहे. मंजुरी आली आहे.
त्याला भात हवंय, का नसावं?
त्याच्या बापाने डोक्यावरून चिखल वाहून
हा बांध घातला होता.
मी कुणाच्या बाजूने मोजते, ते त्याने विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मीटरकडे बघितलं असतं मी.

बर्फाचं पाणी झालंय, त्याला मासळीचा वास आहे.
लेबलाची शाई पसरायच्या आत वही काढते.
नमुना सात. खांडीजवळ. वेळ : ओहोटी.
'जमिनीची स्थिती' या रकान्यात
जुना शब्द खोडते,
लिहिते : वस्ती आहे.